लाल माणसाचं ऐकायचं किती?

केळशीच्या आळीत रस्ता ओलांडायचा प्रश्न येत नाही. जांभ्याच्या दोन गडग्यांमधल्या वाटेत एसटी शिरली की माणसाला उरतो तो गडगाच. पाठ टेकून, पोट आत घेऊन उभं राहायचं. ड्रायव्हर तेवढ्यात खिडकीतून विचारतो, "काय काकू, आज दापोलीला नाही?" काकू कारण सांगतात, कंडक्टर त्यात भर घालतो, मग गाडी पुढे सरकते. समोरून टेम्पो आला तर मागे कोणी जायचं, हे दोन्ही ड्रायव्हर सोडून सगळी आळी ठरवते.

अशा शाळेत शिकलेली आमची काकू मुलाकडे बर्लिनला गेली. रात्रीची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि चारपाच धट्टीकट्टी माणसं सिग्नलपाशी निमूट उभी. दिव्यात टोपीवाला लाल माणूस हात पसरून आडवा आलेला. कार्ल पेग्लाऊ नावाच्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने 1961 साली पूर्व बर्लिनमध्ये हा काढला. जर्मनी एक झाल्यावर त्याला घालवायला निघाले, तर लोकांनी भांडून ठेवून घेतला. काकूने विचारलं, "कोण येणार आहे, म्हणून एवढे थांबलेत?" मुलगा म्हणाला, "पाच युरो दंड आहे." काकूने त्याचे रुपये केले आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने पुण्यात चालतं तसं तळहात दाखवून पाऊल टाकलं. पाहिलं उजवीकडे; गाड्या आल्या डावीकडून. शिवाय शेजारी नातवाचा हात धरून एक आजी उभी होती. पोरांदेखत लाल दिवा मोडणं तिकडे फार वाईट. आजीने जर्मनमध्ये झापलं, काकूने मराठीत उत्तर दिलं. शब्द एकीचेही दुसरीला कळले नाहीत, मुद्दे सगळे कळले.

माझं मत काकूच्या बाजूने झुकतं, आणि आता अमेरिकाही झुकली आहे. मोटारवाल्यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये लॉस एंजेलिसने पायी माणसाला नियमांत बांधलं. त्याच कॅलिफोर्नियात 2023 पासून, गाडीची धडक बसायचा धोका नसेल तर कुठूनही ओलांडलं म्हणून पोलीस अडवत नाहीत. न्यूयॉर्कनेही 2024 साली तसाच कायदा केला. इंग्लंडात तर असा गुन्हाच नाही. उलट 1951 पासून झेब्रा पट्ट्यावर पाय टाकला की मोटार थांबते. काकू तिथे गेली असती तर प्रत्येक ड्रायव्हरला चहाला बोलावून बसली असती.

पण लाल माणसाची बाजूही हल्ली थोडी पटते. आपली आळी चालते ती ड्रायव्हर काकूला ओळखतो म्हणून. शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या मोठाल्या गाड्या कोणालाच ओळखत नाहीत, नुसत्या हॉर्न देतात, आणि गडगा काही मागे सरकत नाही.

तेव्हा मंडळी, केळशीला जरूर या. महालक्ष्मीचं दर्शन घ्या, खाडीपाशी जा. फक्त गाडी गावाच्या तोंडाशी मोकळ्या जागेत लावा आणि आळीतून पायी या. वाटेत एसटी आली तर गडग्याला टेका, ड्रायव्हर विचारील, "कोणाकडे आलात?" त्याला नीट उत्तर द्या, त्याशिवाय गाडी हलायची नाही.