बाई कोणाची?

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी. नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला आपल्या मनाचा ठाव घेत जाणती होते; वाचकांनी ठाव घ्यायला सुरुवात केली ती लेखिकेच्या घराचा! ही विभावरी शिरूरकर कोण, कोणाची, लग्न झालंय का, की मुळात बुवाच? वादळ उठलं. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, टोपणनावाआड होत्या म्हणून निभावलं.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात वाचक आता सुधारलाय. तो पत्ता विचारत नाही, थेट निकाल देतो. एका गुरुजींनी वाचनालयात ‘हिंदोळ्यावर’ परत केलं तेव्हा अचला बाळाची आस धरते ती पानं हाताळून मऊ झालेली, बाकीची करकरीत. वर शेरा : ‘‘मुलींच्या हाती देऊ नये.’’

साठच्या दशकात पूर्व बंगालातून येऊन इथं वसलेल्यांपैकी एक आजी तिथंच बसलेली. मोडक्या मराठीत म्हणाली, ‘‘मास्तर, त्या नवऱ्याला कोणी काही विचारलं का?’’

गुरुजी म्हणाले, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. पुस्तक मात्र आणखी आठ दिवसांसाठी घेऊन गेले.