आपोआप वाजणारा हॉर्न

“काकू, काल रात्री झोप लागली का हो?”

“कसली झोप! कोपऱ्यावरच्यांची गाडी दोन वाजता बोंबलायला लागली ती थांबेचना. आमच्या ह्यांना वाटलं, पुन्हा पाणी भरलं. उठले ते थेट जिन्यावर!”

“22 जुलै 2021 च्या पुरानंतर आपल्या चिपळुणात कुणालाही तेच सुचणार. पण गाडीत कुणीच नव्हतं. बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठे गप्प झाली.”

“अगं बाई! भुताटकी की काय?”

“भूत कसलं? पुरातली गाडी आहे ती! स्वस्तात मिळाली म्हणून पेढे नव्हते का वाटले? सकाळी इलेक्ट्रिशियन आला होता. मी आपली गडग्याशी तुळशीला पाणी घालत होते...”

“अर्धा तास?”

“झाला असेल. त्याने पायाखालचं मॅटिंग उचललं, तर फोमखाली वाळलेला गाळ. कनेक्टर सोडवला, तर आतल्या पिना पितळीत ताक कळकावं तशा हिरव्या. म्हणाला, पाणी वायरच्या आवरणात शिरून तारेतारेने वर चढतं. हॉर्नच्या रिलेला ओल लागली, की बटण न दाबता वाजायला लागतो.”

“तरीच परवा काचा आपोआप खाली आल्या म्हणत होती कोपऱ्यावरची!”

“आणि एअरबॅगचा दिवा विझत नाही, ते नाही सांगितलं? त्याचं युनिट बऱ्याच गाड्यांत खाली मधोमध, जमिनीलगत असतं. पाणी पहिलं तिथेच.”

“माझ्या भावाची गाडीही बुडाली होती की गं. पण त्याने किल्लीला हात लावला नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली नि टो करून नेली. शेजारच्याने मात्र ‘बघू तर’ म्हणत सेल मारला. सिलिंडरात पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं नव्हतं, विमावाल्यांनी हात वर केले.”

“नुसता थर्ड पार्टी विमा असता, तर गाडीचा एक रुपयाही मिळाला नसता.”

“पण मग असल्या गाड्या बाजारात येतात कुठून?”

“दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की कंपनी टोटल लॉस धरते. मग गाडी लिलावात जाते. कुणीतरी घेतो, धुतो, अत्तर फवारतो आणि दूरच्या गावात नेऊन विकतो. महिना-दोन महिने बरी चालते, मग एकेक दुखणं वर येतं.”

“आमचे जावईबापू जुनी गाडी बघतायत गं!”

“मग आजच फोन करा. म्हणावं, रंगावर भुलू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीखालचा खड्डा बघा, मॅटिंग उचला. कुठेही गाळाची रेघ दिसली, तर फुकट दिली तरी घेऊ नका!”