पन्नासात बसते

हा गडी ओळखायला सोपा आहे. चंद्रपूरच्या जटपुरा गेटपाशी गाड्या तुंबल्या की बाकीचे हॉर्न वाजवतात, हा गाडी बंद करून मोबाइलमध्ये बेरीज करतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला तर वरण वाढून होईपर्यंत तुमच्या ऑफिसातल्या कम्प्युटरची रॅम विचारतो, आणि तुम्ही सांगितलेला आकडा ऐकून हळहळतो. वय अठरा ते चोवीस. शिक्षण सुरू आहे किंवा नुकतंच संपलंय. घरात दोन्हींचा पुरावा नाही. आयुष्यातला पहिला गेमिंग पीसी त्याला स्वतःच्या हातानं जोडायचाय. दुकानात तयार मिळतो की, असं म्हणालात तर बोलणं बंद होतं.

किती लागतील, या प्रश्नाला उत्तर एकच.

“पन्नासात बसते ना, काका.”

हे पन्नास हजार त्याच्या मोबाइलमध्ये सात ओळींत मांडलेले असतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. खाली बेरीज ४९,८००. वरचे दोनशे थर्मल पेस्टचे. मी विचारलं, यात मॉनिटर कुठं आहे?

“मॉनिटर पीसीत नाही धरत, काका.”

“कीबोर्ड, माऊस?”

“ते तं घरी हाये.”

“यूपीएस?”

“थो बाबा घेऊन देणार हायेत.”

बाबा शेजारीच बसले होते. त्यांना ही बातमी नवीन होती. विंडोजचं काय, असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडे नुसतं दयेनं पाहिलं.

यादी रोज बदलते, बेरीज बदलत नाही. निम्मा पैसा ग्राफिक कार्डात घालायचा हे त्याला तोंडपाठ आहे, तेव्हा कात्री चालते ती वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर, कारण तो डब्यात आत असतो आणि कुणाला दिसत नाही. मग रात्री कुठल्यातरी व्हिडिओत स्वस्त एसएमपीएसमधून धूर निघताना दिसतो. सकाळी यादीत ‘८० प्लस ब्रॉन्झ’ येतो आणि कॅबिनेट उतरतो. दुपारी मित्र म्हणतो, कॅबिनेट असा घेतला तर लाइटी कुठं लावणार? संध्याकाळी लाइटीचे तीन पंखे येतात आणि रॅम सोळाची आठ होते. रॅम पुढं वाढवता येते, लाइटी पुढं वाढवता येत नाहीत, असं काहीसं त्याचं शास्त्र आहे.

घेण्याचा दिवस मात्र कधीच आजचा नसतो. “थांबा ना, भाव पडणार हाये,” हे त्याचं दुसरं वाक्य. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि त्याच्यासारख्या हजारो पोरांचा फोन नुसता बोलण्यापुरता उरला. तिथूनच या प्रकरणाची सुरुवात. पीसी घ्यायचा ठरला आणि नेमके कार्डाचे भाव चढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० आलं, जाहीर किंमत ३२९ डॉलर, आणि बाजारात त्या भावाला मिळेना. कारण काय, तर मायनिंग. हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा वडील, वेकोलिच्या कोळसा खाणीत फिटर, पहिल्या पाळीहून येऊन पाय धूत होते.

“आमच्या मायनिंगनं तुह्या कार्डाचं काय केलं बे?”

ही खाण इथेरियम नावाच्या नाण्याची, तिथं माणूस नाही, डंपर नाही, नुसती कार्डं रात्रंदिवस गणितं सोडवतात, हे समजावून सांगण्यात जेवण निवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ती पद्धतच मोडीत काढली आणि खाणीतली कार्डं जुन्या बाजारात आली. भाव खरंच पडले. आता याला वेगळी काळजी: हे कार्ड मायनिंगमधून तर आलं नसेल? वडील म्हणाले, मीही तिथूनच आलो, काय झालं? पुढं २०२५ च्या शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी रॅम ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे चढले की थांबलेले पुन्हा थांबले. न थांबता घेऊन मोकळे झालेले त्या दिवसांत गावात छाती काढून फिरत होते.

वडील या सगळ्यावर चिडतात असं दिसतं, पण मला ते खरं वाटत नाही. टुकुममध्ये त्यांनी घर बांधलं तेव्हाचा हिशोब मी पाहिलाय. त्यातही रंग धरला नव्हता, बोअर धरली नव्हती, आणि गेट “पुढं पाहू” म्हणून सोडलं होतं. गच्चीवर कॉलमच्या सळया आजही उभ्या आहेत. वरचा मजला चढवायचाय, तेव्हा कामात येतील. मुलानं त्याच हिशोबानं मदरबोर्ड घेतलाय. आज लागत नाही एवढा मोठा, पुढं मोठा प्रोसेसर बसवायचाय म्हणून. वडिलांनी किंमत विचारली, कारण विचारलं, आणि कारण ऐकल्यावर पुढं काहीच बोलले नाहीत. सळयांवर कपडे वाळत होते.

खरेदी अर्धी ऑनलाइन, अर्धी नागपूरची. नागपूर म्हणजे सीताबर्डी. दीडशे किलोमीटर, पहाटेची गाडी, खिशात यादी, बनियनच्या आतल्या खिशात पैसे. दुकानदार यादी बघतो, पहिल्या दोन ओळींवर मान हलवतो आणि तिसऱ्या ओळीवर म्हणतो, हे मॉडेल बंद झालं भाऊ. महिनाभर रचलेलं गणित काउंटरवर पाच मिनिटांत कोसळतं. याला घाम फुटतो. घरी फोन, मित्राला फोन, मित्राच्या पुण्यातल्या भावाला फोन. शेवटी दुकानदार सुचवतो तेच घेतो, आणि परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाला सांगतो, “मी तेच पाहून राहिलो होतो पहिल्यापासून.” कॅबिनेटचं खोकं मांडीवर. कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागेल की काय, अशी धाकधूक वरोऱ्यापर्यंत.

त्या खोक्यातून कॅबिनेट निघाला तो पांढरा. चंद्रपुरात, पांढरा! घुग्घूस, दुर्गापूरच्या बाजूची माणसं वाळत घातलेला शर्ट झटकल्याशिवाय अंगात घालत नाहीत. खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर बोटाला कोळसा लागतो. आणि हा दुधासारखा पांढरा डबा, त्याला पुढून हवा आत ओढणारे तीन पंखे. आठवड्यात जाळीवर राखेचा थर. मग ब्रश, मग आईचा जुना हेअर ड्रायर, मग गाडीच्या पंक्चरवाल्याकडं जाऊन हवेची नळी मारून घेणं. पंक्चरवाल्यानं एकदा विचारलं, किती पाउंड मारू?

उन्हाळ्याचा विषय तर वेगळाच. इथला पारा मे महिन्यात ४७ च्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिलाय. पंखा कितीही महागाचा घ्या, तो खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीत चाळीस असेल तर चिपला चाळीसचीच हवा मिळणार. शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, हे ज्ञान घरात सगळ्यांना झालंय, कारण हा जेवताना मोठ्यानं तापमान सांगतो. “सत्तर झालं! अठ्ठ्याहत्तर!” आजीला वाटतं क्रिकेट चाललंय. उपाय त्यानं शोधला तो घरातला एकमेव कूलर. वाळ्याच्या ताट्यांचा, लोखंडी, बसस्टँडवरही पुरेल एवढा आवाज करणारा. तो त्यानं फिरवून डब्यासमोर आणला.

“वा रे बाबू,” आई म्हणाली, “डब्याले कूलर, अन् मायले पंखा?”

ओली हवा आतल्या सर्किटला चालत नाही, हे त्याच्या एका मित्रानं सांगितल्यावर कूलर परत आईकडं गेला. आईला मित्र एकदम आवडायला लागला.

विजेची गंमत अशी की शहराच्या उशाला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, त्याच्या चिमण्या याच्या गच्चीवरून दिसतात, आणि ऐन लढाईत लाइन जाते ती जातेच. चिमणीतून धूर निघतोय, मॉनिटर काळा आहे. अशा वेळी गच्चीवर जाऊन तो चिमण्यांकडं ज्या नजरेनं पाहतो, ती नजर इथं छापता येणार नाही. यूपीएस शेवटी बाबांनीच घेऊन दिला.

याचा एक आतेभाऊ आहे, गडचिरोलीच्या पार टोकाला, भामरागडकडं. नमुना तोच, फक्त बजेटचं खातं वेगळं. इथं वडिलांचा बोनस, तिथं धानाचे चुकारे. दसऱ्याला त्यानं कार्ड सोडून सगळं जमवलं. कार्ड चुकारे आले की. प्रोसेसर घेतला आय-थ्री १२१००एफ, स्वस्तात पडला म्हणून. त्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ असा की प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक नाही, कार्ड नसेल तर पडद्यावर काहीही उमटत नाही. मशीन जोडलं, सुरू केलं. पंखे फिरले, लाल-निळ्या लाइटी फिरल्या, पडदा काळा. कारण कळल्यावर दुसरा कुणी डबा गुंडाळून ठेवता. यानं रोज संध्याकाळी तो चालू करायला सुरुवात केली. शेजारपाजारचे येऊन बसायचे. पोरं म्हणायची, दादा हिरवी कर. हिरवी व्हायची. बायामाणसांनी आपसांत ठरवून टाकलं की गणपतीत हा डबा मखराशेजारी ठेवायचा.

चुकारे आले आषाढात. कार्ड मागवलं, तर त्या पिनकोडवर माल येत नाही. म्हणून आलापल्लीच्या मामाचा पत्ता दिला. कार्ड मामाकडं पोचलं आणि इकडं पर्लकोटा नदीला पूर आला. पूल पाण्याखाली, भामरागडचा संपर्क तुटलेला. हे तिथं पावसाळ्यात होतच असतं, त्याची बातमीसुद्धा सवयीनं छापली जाते. पण परत करण्याची मुदत पुराला माहीत नसते. हा अलीकडच्या काठावरून मामाला फोन करतोय, खोकं उघडून नीट आहे का पाहा. मामा म्हणतोय, दोन पंखे हायेत, एवढं दिसून राहिलं. मामाचं टेबल मात्र त्याला फुकट मिळालं, आलापल्लीच्या सागाचं. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी याच पट्ट्यातलं सागवान बल्लारपूरहून रवाना झालं होतं. त्यामुळं आपला कीबोर्ड कुठल्या लाकडावर ठेवलाय हे तो पाहुण्यांना दोनदा सांगतो.

चंद्रपुरातल्या गड्यानं मशीन जोडलं तो दिवस मी पाहिलाय. आईनं सकाळीच डब्याच्या काचेवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. मदरबोर्डवरही हळदकुंकू वाहायला निघाली तेव्हा तो आडवा पडला. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून तो दर पाच मिनिटांनी उठून खिडकीच्या गजाला हात लावून येई. आजीही लावून आली. तिला वाटलं विधी आहे. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी घालायची असं त्यानं वाचलं होतं, म्हणून त्यानं आईकडं नमुन्याला एक वाटाणा मागितला. आई म्हणाली, हिरवा की सुकलेला? यावर घरात खरोखर चर्चा झाली.

सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. गल्ली जमली. एक म्हणाला बोर्ड गेला, एक म्हणाला दुकानदारानं फसवलं, एकानं दुसऱ्या पाळीला जाता जाता फॉरमॅट मारायला सांगितलं. पोराच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. मग वडील उठले, चष्मा लावला, आत वाकून पाहिलं आणि रॅमच्या पट्टीवर बोट ठेवलं.

“हे बसली नाई पुरी.”

“बाबा, जोर नका लावू, साडेतीन हजाराची हाये!”

“बसवाची चीज बसवाच लागते बे.” अंगठा ठेवला आणि दाबला. टक. दुसरं टोक, टक. त्या आवाजाला पोरानं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा पडद्यावर अक्षरं होती.

आता तो काय खेळतो म्हणाल, तर फारसं काही नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ हवं होतं, पण त्याला १५० जीबी जागा लागते आणि मोबाइलचा डेटा दिवसाला २ जीबी; अडीच महिने. शेवटी एका मित्राकडून हार्ड डिस्कवर फाइली उतरवून आणल्या. खेळ सुरू झाला की हा घोड्यावरून उतरतो आणि गवतात उभा राहतो. “पान पाहा ना काका, पान कसं हलून राहिलं!” मी पाहतो. ताडोबा घरापासून तासाभरावर आहे, तिथं चल म्हटलं की याला ऊन लागतं. एक खेळ पुरा केलेला नाही त्यानं, पण सावली कमी केली तर एका सेकंदाला किती चित्रं जास्त मिळतात हे तो झोपेतही सांगेल.

आणि गावात त्याला मान आलाय. स्वतःचं मशीन एकच जोडलं, तेही बापानं अंगठा लावला तेव्हा चाललं, पण आता मूल, सावली, गोंडपिपरीकडून लोक फोन करतात. परवा गडचिरोलीचे एक गुरुजी आले. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची, दोन पत्रं टाइप करायची, एवढंच काम. यानं त्यांना खुर्ची दिली, समोर बसला, मोबाइलमध्ये सात ओळी उघडल्या.

“सर, बजेट?”

“वीस-बावीस हजार.”

त्यानं बराच वेळ गुरुजींकडं पाहिलं, मग अगदी हळुवार विचारलं, “मॉनिटर धरून का सोडून?”