तीन फेजचा हिवाळा

डिसेंबर लागला की आमच्या भागात दोन पाहुणे येतात. एक सरकार आणि दुसरे जवाई. दोघांचीही सरबराई सारखीच, दोघांनाही नाही म्हणता येत नाही आणि दोघेही जाताना संत्र्यांची पेटी घेऊन जातात. फरक एवढाच की जवाई थेट नरखेड तालुक्यातल्या आमच्या ओट्यापर्यंत येतात. सरकार नागपूरलाच थांबते.

सरकारने यावे हे १९५३ च्या नागपूर करारात लिहून ठेवलेले आहे. वर्षातला ठरावीक काळ सरकारने नागपुरात मुक्काम करायचा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन इथे घ्यायचे. करार करणारे मोठे लोक होते, पण महिना लिहायचा राहिला आणि तिथेच घात झाला. 'मे महिन्यात घ्या' एवढे तीन शब्द घातले असते, तर विदर्भाचे सगळे प्रश्न कधीच मार्गी लागले असते. ४६ अंशांत कोणी भाषण लांबवत नाही. पण अधिवेशन बसले हिवाळ्यात. २०२४ साली ते १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सोमवार ते शनिवार, असे सहा दिवस चालले. आमच्या गावातल्या लग्नाचा मांडवसुद्धा याहून जास्त दिवस उभा राहतो.

एकदा, २०१८ च्या जुलैत, पावसाळी अधिवेशन नागपुरात घेऊन पाहिले. एवढा पाऊस कोसळला की विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरले, दिवे गेले आणि दिवसभराचे कामकाज तहकूब झाले. ही बातमी आमच्या चौकात मोठ्याने वाचली गेली. एक म्हातारबा बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "लाईन गेली तं काम बंद पडते, हे त्याईले समजलं म्हणा एकदाचं!" पुढल्या वर्षीपासून अधिवेशन पुन्हा हिवाळ्यात.

तर सरकारचे असे. आता जवाई.

आमचे जवाई पुण्याचे. संगणकावर बसून अमेरिकेची कामे करतात, त्यामुळे त्यांना तिकडचे सणवार जास्त ठाऊक. या वेळी आल्या आल्या त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात परदेशातले एक डोंगरातले गाव होते. मध्ये गोठलेले तळे, काठावर लाल टोप्या घातलेली माणसे, रस्त्यावरचा बर्फ ओढणारी नगरपालिकेची गाडी. "दादा, विंटर म्हणजे असा हवा. तुमच्याकडे जवळपास डोंगरातलं तळं कुठलं?"

आमच्या तालुक्यात डोंगर म्हणाल तर सातपुड्याचे शेवटचे आळोखेपिळोखे आणि पाणी म्हणाल तर वर्धा नदी. नदीकडे मौज म्हणून पाहण्याची आमच्या लोकांना सवय नाही. ३० जुलै १९९१ च्या सकाळी मोवाडमध्ये त्या नदीने दोनशेहून अधिक माणसे नेली. तिथे बोटिंगचा विषय कोणी काढत नाही, मीही काढणार नाही. म्हणून जवाईंना घेऊन चिखलदऱ्याला निघालो.

वाटेत वरुड लागले. तिथल्या रेल्वे स्टेशनाचे नाव 'वरुड ऑरेंज सिटी' आहे हे जवाईंनी वाचले आणि ऑरेंज सिटी तर नागपूर ना, असे विचारले. संत्रा पिकवायचा आम्ही आणि वरुड-मोर्शीवाल्यांनी, नाव करायचे नागपूरने, एवढे सांगून मी विषय आवरला. घरचे भांडण जवाईंपुढे कशाला? पुढे मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा आणि मग घाट.

चिखलदऱ्याचा शोध १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या साहेबाने लावला, असे सगळीकडे छापलेले असते. त्या वेळी कोरकू लोक तिथेच राहत होते, गवळी गाई-म्हशी चारत होते आणि गाविलगडाचा किल्ला तर शेकडो वर्षांपासून उभा होता. त्याच्याही आधी भीमाने कीचकाला मारून इथल्याच दरीत टाकले आणि कुंडात हात धुतले, म्हणून कीचकदरा, म्हणून चिखलदरा. पण गावात माणूस, जनावर, किल्ला, पुराण सगळे असले तरी साहेबाला थंडी वाजल्याशिवाय त्याचे थंड हवेचे ठिकाण होत नाही. थंडी कोणालाही वाजते. तिची नोंद व्हायला अंगावर अधिकार लागतो.

वर सगळी शोभा होती. सकाळी गवतावरचे दव पांढरे पडले होते. शक्कर तलावावर पायाने मारायच्या बोटी होत्या, आणि बोटीच्या रांगेत निम्मे नागपूर, निम्मी अमरावती. जवाईंनी गरम कणसे खाल्ली, इथे कॉफी पिकते हे ऐकून ती कॉफी मागितली आणि मिळाला तो चहा प्यायले. आम्ही उतरलो होतो त्या जागेचे नाव घेत नाही. तिथे गरम पाणी सकाळी सहा ते सात मिळे आणि बादली सव्वासातला येई.

"आणि तो स्कायवॉक कुठेय? काचेचा?" जवाईंनी पुण्यातच वाचून ठेवले होते.

मी दरीकडे बोट केले. हरिकेन पॉइंट ते गोराघाट, ४०७ मीटर. सिडकोचे काम. जाहीर झाला तेव्हापासून वर्तमानपत्रे त्याची तुलना स्वित्झर्लंडशी आणि चीनशी करत आली आहेत. मग मध्येच वन्यजीवांच्या परवानगीचे कागद आडवे आले. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी माणसांना हवेत चालवायचे म्हणजे वाघाचे मत घ्यावेच लागते. वाघाने कळवायला वर्षे लावली. जवाई कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिले. "म्हणजे स्काय तयार आहे," ते म्हणाले. पुणेकर शहाणे असतात.

परतीच्या वाटेवर त्यांना मी याच तालुक्यातल्या खडीमलबद्दल सांगितले. ढगांच्या शेजारी राहणारे हे गाव दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताना वर्तमानपत्रात येते. विहिरीत टँकर ओततात आणि बायाबापड्या भांडी घेऊन काठावर धावतात. पावसाळ्यात ज्या डोंगरावर धुके बघायला गाड्या रांगेने चढतात, एप्रिलमध्ये त्याच डोंगरावर पाणी गाडीने चढते. जवाई म्हणाले, "पण टूरिस्टला तर पाणी मिळालं ना आपल्याला?" मिळाले. सव्वासातला.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मोठे भाऊ ओट्यावर कानाला दुपट्टा गुंडाळून बसले होते. "या आठवड्यात आपली रातची लाईन हाय. जेवून घ्या, मी बाराले जाऊन राहिलो ओलिताले."

जवाईंचे डोळे चमकले. "नाइट सफारी?"

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडे थांबतो. शेतातल्या मोटारीला तीन फेजची वीज लागते. ती आमच्याकडे पाळीने मिळते: कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्री दोन तास जास्त देतात, हे औदार्य लक्षात घ्यावे. पाळी फिरत राहते, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस माणूस शेतकरी असतो आणि उरलेले घुबड. गहू-हरभऱ्याला पाणी याच दिवसांत लागते, संत्र्याचा मृग बहारही याच दिवसांत झाडावर असतो, आणि हिवाळा हिवाळ्यातच येतो. त्याला पाळी लागू नाही.

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, आजवरचा नीचांक. वर्तमानपत्रांनी शेकोटीचे फोटो छापले. त्या रात्री आमच्या भावांची पाळी होती. त्यांचा फोटो कोणी काढला नाही. काढायचा म्हटले असते तरी अंगठा मोबाइलवर टेकला नसता.

शास्त्राच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. कडाक्याच्या थंडीत पिकाला रात्री हलके पाणी द्यावे, बागेत धूर करावा, म्हणजे जमिनीतली ऊब टिकते, असे कृषितज्ज्ञ सांगतात. खरेच आहे ते. सरकारने फक्त हा सल्ला मनावर घेतला आणि वर्षभर राबवला.

जवाई निघालेच. अंगात परदेशी जाकीट, डोक्याला दिवा लावायची पट्टी, पायात महागडे बूट. बहिणीने हाताला धरून सांगून पाहिले. मी सोबत होतोच. जवाईला एकटे पाठवून बरेवाईट झाले तर पुढच्या डिसेंबरात तोंड कसे दाखवणार?

बारा वाजून दहा मिनिटांनी लाईन आली. डीपीवर एक फेज रुसली होती, म्हणून पुन्हा गेली. पाऊण वाजता आली. भाऊंनी स्टार्टर दाबला, मोटार घरघरली, आणि पाइपातून पाणी असे उसळले की जवाईंनी टाळ्या वाजवल्या. कारंजे त्यांना आवडले. मग स्प्रिंकलरचे पाइप बदलायची वेळ आली. एक बाजू भिजली की पाइप उचलून पुढे न्यायचे, चिखलातून, ओल्या गव्हातून, हातात लोखंडासारखा गार झालेला पाइप आणि वरून नोझलचे तुषार. बर्फाचा खेळ मागितला होता, जवळपास तसलाच मिळाला. तिसऱ्या पाइपाला जवाईंनी विचारले, "भाऊ, हे दिवसा का नाही करत?"

भाऊ हसले. ते क्वचितच हसतात. "दिवसा कारखान्याईले लागते नं बाप्पा लाईन. आमचा गहू काय, आंधारातबी वाढते."

खोटे कशाला बोलावे, काही गावांना आता दिवसाची लाईन मिळू लागली आहे. सूर्य दिवसाच उगवतो, ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आल्यावर २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली, नावापुढे २.० लावून. सूर्य मात्र पहिलाच ठेवला आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजनाही आहे. त्याआधी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आली होती. या 'मागेल त्याला' मालिकेत आम्ही सगळे काही मागून पाहिले आहे. थंडी तेवढी न मागता मिळाली, अर्ज नाही, सातबारा नाही, बायोमेट्रिक अंगठा नाही.

दीडच्या सुमारास काहीतरी खसफसले. जवाई म्हणाले, "हरीण?" भाऊ म्हणाले, "डुक्कर." दोघेही बांधाच्या उंच बाजूला गेले. मेळघाटात जीपमध्ये बसून पैसे मोजूनही जनावर दिसेलच असे नाही. इथे रानडुकरे आणि रोही पिकातच असतात, वाटाड्या लागत नाही, प्रवेशशुल्क नाही. उलट सकाळी त्यांनी किती खाल्ले याचा हिशेब आपण द्यायचा.

दोन वाजता लाईन गेली.

आम्ही बांधावर तुराट्यांची शेकोटी केली. अंधारात शेततळ्याची पन्नी चमकत होती. चंद्राचा उजेड त्या पन्नीवर पडला की पाणी कमी असले तरी तळे भरलेले दिसते. जवाईंनी त्याचा फोटो काढला, मोबाइलमधल्या त्या परदेशी तळ्याच्या फोटोशेजारी धरला आणि हळूच म्हणाले, "दादा, फार फरक नाही हो." मग एकदम उठून बसले. पुणेकराला व्यवसायाची कल्पना अशीच येते, पाय गार पडले की. डोंगर मागे आहे, तळे समोर आहे, थंडी आहे, जनावरे आहेत, रात्रीचे साहस आहे. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. एका रात्रीचे माणशी दोन हजार. पाइप उचलायचे वेगळे पाचशे, तेही पाहुण्यानेच द्यायचे.

"लोक पैशे देऊन पाइप उचलतीन?" भाऊंनी विचारले.

"अनुभव म्हणतात त्याला, भाऊ."

"मी तं बावीस वर्सांपासून अनुभव घेऊन राहिलो. मले कोणी पावती नाई देल्ली."

साडेतीनला लाईन परत आली. जवाई शेकोटीपाशी झोपले होते. त्यांच्या परदेशी जाकिटाला एक ठिणगी लागून रुपयाएवढे भोक पडले. ते त्यांना सकाळी कळले आणि त्यांनी मोठ्या मनाने त्याचाही फोटो काढला.

ते पुण्याला गेले, पण कल्पना माझ्या डोक्यात ठेवून गेले. मी एक अर्ज लिहिला. विषय: आमच्या शेतास हिवाळी पर्यटनस्थळ म्हणून मान्यता मिळणेबाबत. कोणत्या कार्यालयात दिला ते सांगत नाही. साहेब अधिवेशनाला गेलेले होते, म्हणून खिडकीतल्या बाबूंनीच तो वाचला. हातमोजे घालूनच वाचला. टेबलाखाली त्यांचा हीटर लाल झाला होता.

"डोंगर?"

"मागे आहे साहेब, सातपुडा."

"तलाव?"

"शेततळं आहे. सरकारमान्य."

"कोण्या साहेबानं शोध लावेल हाय का? म्हणजे जुना रेकॉर्ड?"

"जवाईंनी लावला, याच महिन्यात."

त्यांनी ते मांडून घेतले. मग पुढचे पान उलटून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "इथं लिवलं हाय, कार्यक्रम राती बारानंतर. राती पब्लिक आणता म्हणजे सुरक्षेचा प्रश्न येते. उजेड पायजे. तिथं लाईन हाय का?"

मी म्हटले, "हाय नं साहेब. रातचीच हाय."