आधी हात लावून बघा

नाशिकच्या माणसाला माल पारखायला शिकवावं लागत नाही. लासलगावच्या बाजारात ट्रॉलीतल्या कांद्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा वर काढणारी ही माणसं. पण याच माणसासमोर एखादं जुनं इंजिन ठेवा, त्याचे हात खिशात जातात आणि कान तेवढे उघडे राहतात. ‘डॉक्टरांनी वापरलेली गाडी आहे’ एवढ्या एका वाक्यावर या शहरात किती स्कूटरी खपल्या असतील, देव जाणे.

माझ्या एका मित्राला सध्या होडीला लावायचं जुनं आउटबोर्ड इंजिन हवं आहे. समुद्र घाटाखाली राहिला, तरी आमचं पाण्याशी नातं आहे. गंगापूर धरणावर बोट क्लब आहे. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावर आम्ही गोदेचा पूर मोजतो, आणि 2019 च्या ऑगस्टात तर पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. मित्राचा पहिला बेत मात्र शेततळ्यात होडी फिरवण्याचा होता. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदाला पंखा लागला तर काय होईल, हे वहिनींनी दोनच वाक्यांत सांगितलं. आता तो धरणाच्या आणि परवानग्यांच्या गोष्टी करतो.

हे यंत्रच मुळात हौशी माणसाचं. अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूडची गोष्ट सांगतात, की होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून तो दमला आणि आइस्क्रीम वितळलं. त्या चिडीतून इंजिन सुचलं, आणि 1909 मध्ये त्याचा धंदा उभा राहिला. त्याच्या नावाची इंजिनं 2020 मध्ये बनायची थांबली. म्हणून कुणी ‘एव्हिनरूड आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला, तर आधी सुटे भाग कुठे मिळतील ते विचारावं.

बाकी प्रश्न विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, ते इंजिनालाच विचारावेत. पोचल्या पोचल्या झाकण काढून इंजिनाला हात लावावा. गरम लागलं आणि मालक म्हणाला, ‘तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवलं,’ तर त्याच्या अगत्याचे आभार मानून ते गार होईपर्यंत बसून राहावं. तापलेलं इंजिन कुणाच्याही हातानं सुरू होतं. त्याच्या खोड्या कळतात त्या थंड असताना.

मग खालचा भाग पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवून ते चालू करायला लावावं. कोरडं चालवू देऊ नये, कारण पाणी खेचणारा आतला रबरी पंखा बघता बघता जळतो. चालू झालं की मागच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार येते. ती जोमदार असेल तर इंजिनाला पाणी मिळतं आहे. ठिबकत असेल तर घसा कुठेतरी अडला आहे.

इंजिन बंद केल्यावर गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू हळूच सैल करावा आणि पहिला थेंब बोटावर घ्यावा. तेल तेलासारखं दिसलं तर ठीक. दुधाळ दिसलं तर सील गेलं आहे आणि पाणी आत शिरलं आहे. बऱ्याचदा बाहेरच्या, होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला गळाचा नायलॉनचा दोरा हा उद्योग करून ठेवतो. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. आकडे जवळपास सारखे हवेत.

शेवटी खाली लावलेला जस्ताचा तुकडा बघावा. खाऱ्या पाण्यात बाकीचं इंजिन वाचावं म्हणून तो स्वतः झिजतो. घरात असं एक माणूस असतंच. कोकणातून आलेल्या इंजिनावर तो अर्धा झिजलेला दिसला तर घाबरू नका, त्यानं आपलं काम केलं आहे. पण वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही तो कोरा करकरीत असेल, किंवा कुणी हौसेनं त्याच्यावरही रंग फासला असेल, तर झीज दुसरीकडे कुठेतरी झाली आहे असं समजा.

एवढं करायला तासभर लागतो. त्या तासात विकणारा चहा मागवेल, गोड्या पाण्याच्या शपथा घेईल, दुसरं गिऱ्हाईक वाटेत आहे म्हणेल. चहा जरूर घ्या. पैसे मात्र थंड इंजिन सुरू झाल्यावर, धार दिसल्यावर आणि बोटावरचं तेल पाहिल्यावरच काढा.