शून्य किलोची दांडी

स्थापत्यातली पदविका घेऊन मी बँकेत चिकटलो, हे राज्यातल्या पुलांच्या दृष्टीनं फार बरं झालं. पण सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड घालायचं ठरलं आणि माझ्यातला इंजिनिअर उठून बसला. "कैचीचा हिशोब मी करतो," मी सभेत जाहीर केलं. फुकट म्हटल्यावर खजिनदारांनी लगेच अनुमोदन दिलं.

कैची साधीच. गाळा 6 मीटर, मधली उंची 2.25 मीटर. दोन तिरके, खाली दोन तुकड्यांची तळपट्टी आणि मधोमध उभी दांडी. शेंड्यावर 600 किलो भार धरला. आधी आधारांच्या प्रतिक्रिया काढल्या: दोन्हीकडे 300. मग एकेक सांधा सुटा घ्यायचा. त्यावरच्या आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्यांचीही शून्य. टोकाच्या सांध्याशी 300 तोलायला तिरक्यात 500 किलो दाब आला. तो तिरका पाय बाहेर रेटतो, म्हणून तळपट्टीत 400 किलो ताण. राहिला तळाचा मधला सांधा. तिथं डावा-उजवा ताण परस्पर फिटला आणि उभ्या दांडीला ओढायला कुणी उरलंच नाही. बल शून्य!

"ही दांडी उडवा, लोखंड वाचेल," मी फर्मावलं. खजिनदारांच्या नजरेत माझ्याबद्दल प्रथमच माया दिसली.

मिस्त्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "साहेब, पंखा कुठं टांगायचा?"

"मधोमध."

"कशाला?"

पंखा माझ्या कागदावर नव्हता. 20 किलोंचा पंखा त्या सांध्याला लटकला की तीच दांडी 20 किलो ताण घेते. ती काढली तर राहतात चार सांधे आणि चार दांड्या. चार सांध्यांची समीकरणं आठ. अज्ञातं मात्र चार बलं आणि तीन प्रतिक्रिया मिळून सातच. म्हणजे मधला सांधा वर-खाली हलायला मोकळा! हे पदविकेच्या सुरुवातीलाच शिकवतात. त्या तासाला मी बहुधा कॅन्टीनमध्ये समतोल साधत होतो.

दांडी राहिली, पंखा फिरतोय. माझं भाषण इतिवृत्तात आलं नाही, ही सचिवांची कृपा.

तेव्हा उत्तर शून्य आलं, तर करवत मागवण्याआधी विचारा: कोणत्या भारासाठी शून्य? आणि तुमच्या सोसायटीत कुणी बँकवाला पट्टी-पेन्सिल घेऊन गच्चीकडे निघाला, तर त्याला खालीच चहाला बसवा.