तरंगलं तर आपलं नव्हे

आमच्या मजल्यावर चायनीजच्या गाडीसारखा वास सुटला की समजावं, नानांनी गॅसवर पातेलं चढवलंय. एक नवा भाडेकरू फसला होता. "आज मांचुरियन वाटतं?" म्हणत आत शिरला. नानांनी कौतुकानं झाकण काढलं. आत काळं पाणी आणि तारेला लटकलेल्या चार बारक्या तंगड्या. त्या दिवसापासून तो जिन्यात नुसती मान हलवतो.

तंगड्या म्हणजे नानांच्या रिमोटच्या गाडीचे सस्पेन्शन आर्म. ही गाडी तीन वर्षांत पार्किंगमध्ये दोनदा पळाली. एरवी ती डायनिंग टेबलावर खोललेली असते. तिचे नायलॉनचे भाग पांढरे येतात आणि पांढऱ्या हाडांची गाडी नानांना बघवत नाही. वरून रंग मारावा, तर भाग जरा वाकला की पोपडे निघतात. म्हणून रंग आत मुरवायचा. रेशीम-लोकरीला वापरतात तो ॲसिड डाय, उकळीच्या जरा अलीकडचं पाणी आणि व्हिनेगर. आम्ल असल्याशिवाय नायलॉन रंगाला जवळ करत नाही, हे नाना लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या सुरात सांगतात.

"पण प्लास्टिक वितळणार नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"नायलॉन वितळतं दोनशेवीसच्या पुढे. पाणी शंभरावर थांबतं."

"मी नाही थांबत," आतून काकू.

रंगवण्याआधी भाग भांड्याच्या साबणानं घासावे लागतात. तेलकट हात लागला तर तेवढ्या जागी रंग बसत नाही. पहिल्याच खेपेला पुढच्या डाव्या आर्मवर फिकट अंगठा उमटला, रेघा मोजता याव्यात इतका स्वच्छ. घरात चौकशी बसली. नाना पस्तीस वर्षं बँकेत लोकांचे अंगठे ताडून बघत आलेले, त्यांनी भिंग काढलं. अंगठा त्यांचाच निघाला. शिवाय काळा हवा होता तो रंग वांग्याच्या सालीचा आला. तेव्हापासून ते पातेल्याशी घड्याळ लावून उभे राहतात. सणाला पुरणाकडे कधी एवढं बघितलं नाही, असं काकू म्हणतात.

खरी पंचाईत सुरू झाली ती नानांना परीक्षा सापडल्यावर. नायलॉन पाण्यात बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. आणि तरंगणारं काही केल्या असला रंग धरत नाही. झालं! बाथरूममधली बादली म्हणजे प्रयोगशाळा. कपडे वाळत घालायची दोरी, डब्याचं झाकण, बटणं, नातवाच्या दप्तराची चेन, सगळ्यांना एकेक डुबकी. टूथब्रशला मात्र डुबकीतून सूट, कारण नायलॉन 1938 साली बाजारात आलं तेच मुळी टूथब्रशच्या केसांतून, हे नानांना तोंडपाठ आहे. नातवाचा ब्रश थेट पातेल्यात गेला. माझ्या घड्याळाच्या पट्ट्याकडेही त्यांची नजर वळते, म्हणून मी हल्ली हात खिशात घालून जातो.

आता माणसंही बादलीत पडू लागली आहेत. धाकटे जावई सासुरवाडीत वीस मिनिटांवर टेकत नाहीत. नाना मला हळूच म्हणाले, "पॉलिप्रॉपिलीन. नुसता तरंगतो, रंग धरत नाही." सोसायटीचे सेक्रेटरी आधी बुडणाऱ्यांत होते. लिफ्टच्या वर्गणीनंतर त्यांची बदली झाली.

पातेलं स्वयंपाकातून कायमचं बाद झालंय. रंगाच्या भांड्यात अन्न शिजवू नये, हा नियम नानांनीच सांगितला, पण पातेलं गेल्यावर. ते काकूंच्या लग्नातलं. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं घासून घासून कधीच दिसेनाशी झाली होती. परवा ओघळ पुसताना टिंबांत काळा रंग बसला आणि सगळा मजकूर लख्ख उमटला. नानांनी हर्षानं काकूंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, पातेलं खिडकीपाशी नेलं आणि बोट ठेवत ठेवत वाचलं.

"'मामांकडून'. दिसतंय ना आता? माझ्या मामांकडून. मला."